परुळेकरांच्या हृदयाचं छिद्र

१

वनमाला परुळेकरांनी पिशवीतून पत्र काढून टेबलावर ठेवलं, पण त्याच्यावरचा हात काही उचलला नाही.

"तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. "मी तीनदा वाचलंय. तरी वाटतं, मीच चुकीचं वाचतेय."

मुलुंडच्या त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अशी माणसं रोज येत. कुणाला जुना रिपोर्ट हवा असे, कुणाच्या नावात काना-मात्रेची चूक झालेली असे. विभागाच्या प्रमुख इरावती दाबके प्रत्येकाला बसवून घेत, ऐकून घेत आणि बहुतेकांचं काम त्याच दिवशी करून देत. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एक फाईल हरवली नव्हती. हरवलेली वस्तू त्या ज्या चिकाटीनं शोधून काढत, त्यावरून डॉक्टर मंडळी त्यांना पाठीमागे 'सीआयडी' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पत्र विमा कंपनीचं होतं. दशरथ परुळेकर यांच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, पॉलिसीचा अर्ज भरताना ही गोष्ट त्यांनी लपवली, सबब पॉलिसी रद्द. सोबत हॉस्पिटलच्या कागदाची प्रत होती.

"पैशांचं नंतर बघू," वनमालाबाई म्हणाल्या. "पण 'लपवली' लिहिलंय बघा. लिफ्ट दुरुस्त करायचे ते. बंद पडली की हत्यारांची पेटी घेऊन चौदा-चौदा मजले जिन्यानं चढायचे. छप्पन्न वर्षांच्या माणसाला जन्माचं दुखणं, आणि बायकोला पत्ता नाही?" मग त्यांचा आवाज खाली गेला आणि मुंबईची भाषा सुटून मालवणी आली. "त्येंका खोटा बोलूक येय नाय, बाई. कधीच येय नाय."

शेजारी त्यांची मुलगी गंधाली बसली होती. पाचवा महिना चालू होता.

"मला वेगळं विचारायचंय," ती म्हणाली. "हे पत्र माझ्या सासूबाईंनी वाचलं. घराण्यात जन्माचा आजार होता, तो लग्नाच्या वेळी आमच्यापासून लपवलात, असं त्या म्हणतात. माझ्या डॉक्टरांनी पण बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी सांगितलीय. बाबांना खरंच जन्मापासून होतं का, एवढंच सांगा. होतं तर होतं. पण नक्की सांगा."

इरावतीबाईंनी फाईल मागवली. दशरथ परुळेकर, दाखल बुधवार ५ मार्च, मृत्यू ७ मार्च. शेवटच्या सारांशात निदान होतं: 'व्हीएसडी'. म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. त्यापुढे कोड: क्यू २१.०.

हॉस्पिटलात प्रत्येक आजाराला एक कोड देतात. जगभर तीच यादी चालते. हृदयाचा आजार नंतर जडलेला असेल तर कोड 'आय' अक्षरानं सुरू होतो, जन्मजात दोषाचा 'क्यू'नं. त्या एका अक्षरानं परुळेकरांना खोटारडं ठरवलं होतं.

कोड देण्याचं काम ऋतिका सावेचं. चोवीस वर्षांची, नोकरीला लागून वर्ष झालेली. इरावतीबाईंनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं.

"हे तू केलंस?"

ऋतिकानं पान पाहिलं. "हो मॅडम."

"छप्पन्न वर्षांच्या माणसाला जन्मजात कोड लावताना हात थांबला नाही तुझा? डोकं घरी ठेवून येतेस का?"

विभागातले टायपिंगचे आवाज बंद पडले. ऋतिकाचे कान लाल झाले. ती हळूच म्हणाली, "थांबला होता, मॅडम. म्हणून तर मी क्वेरी पाठवली होती. उत्तर आलं, जन्मजात."

"कुणाचं उत्तर?"

"ते नाही माहीत," ऋतिका म्हणाली. "त्याच्यावर सहीच नव्हती."

२

पिवळी क्वेरी स्लिप फाईलच्या मागच्या खिशात सापडली.

या कामाचा एक कडक नियम आहे. कोड देणाऱ्यानं स्वतः निदान करायचं नाही. डॉक्टरनं लिहिलं असेल तेवढंच धरायचं, आणि शंका आली तर स्लिप लिहून डॉक्टरला विचारायचं. नुसतं 'व्हीएसडी' लिहिलेलं असलं, तर कोडांच्या पुस्तकात तो जन्मजात धरला जातो. ऋतिकानं बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. 'रुग्णाचं वय ५६. छिद्र जन्मजात की नंतर झालेलं?' खाली दोन चौकोन. 'जन्मजात'च्या चौकोनात निळ्या शाईची बरोबरची खूण. सहीची जागा कोरी. वर ऋतिकाची तारीख, ११ मार्च. मागे रेकॉर्ड विभागाचा आवक शिक्का, १८ मार्च.

इरावतीबाईंनी मायलेकींना दोन दिवसांची मुदत मागितली, आणि जेवणाचा डबा न उघडता फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

त्या डॉक्टर नव्हत्या. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या आजारांचे कागद वाचलेल्या होत्या. परुळेकरांच्या कंपनीनं दरवर्षी केलेल्या तपासण्यांच्या अकरा प्रती फाईलला जोडलेल्या होत्या. अकराही वर्षं एकच ओळ: हृदयाचे ठोके स्वच्छ, जादा आवाज नाही. जन्माचं छिद्र लहान असेल तर ते छातीत मोठा आवाज करतं, नळी लावणाऱ्या कुणालाही ऐकू येतं. आणि मोठं असेल तर माणूस हत्यारांची पेटी घेऊन चौदा मजले चढत नाही.

मग इकोचा रिपोर्ट. छिद्र पडद्याच्या अगदी खालच्या टोकाला, कडा फाटल्यासारख्या. त्याच्या लगतची हृदयाची भिंत हलत नाही.

भिंत हलत नाही, म्हणजे तिथला स्नायू मेलेला. स्नायू मरतो तो हार्ट अटॅकनं. अटॅकनंतर तीन-चार दिवसांत मेलेला स्नायू कधी कधी फाटतो आणि पडद्याला भोक पडतं. अशा केसेस त्यांनी आयुष्यात चार-पाचच पाहिल्या होत्या, पण ही त्यातलीच होती. तिचा कोड आय २३.२, आणि त्याच्यासोबत अटॅकचा वेगळा. मात्र अख्ख्या सारांशात 'हार्ट अटॅक' हा शब्द कुठेच नव्हता.

त्यांनी वनमालाबाईंना फोन लावला. "बुधवारच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं होतं का?"

वनमालाबाई म्हणाल्या, "म्हणजे काय? रविवारी आम्ही तुमच्याकडेच तर आलेलो. ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं, पित्त आहे म्हणाले आणि घरी पाठवलं."

फाईलमध्ये रविवारचा एकही कागद नव्हता.

इरावतीबाई तळमजल्यावर कॅज्युअल्टीत गेल्या. तिथल्या केसपेपरांना अनुक्रम नंबर असतात. २ मार्चच्या गठ्ठ्यात बावीस होता, चोवीस होता. तेवीस नव्हता. पण जाड रजिस्टरातून पान काढून नेणं सोपं नसतं. तिथं तेविसाव्या ओळीवर लिहिलं होतं: 'दशरथ परुळेकर, ५६, छातीत जळजळ, औषध देऊन घरी.' पुढे सही, डॉ. सौरभ कीर.

या नावाची आद्याक्षरं इरावतीबाईंनी आणखी एका ठिकाणी पाहिली होती. त्याच दिवशी, थोड्याच वेळापूर्वी.

३

मृत्यूच्या सारांशाच्या तळाशी टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं होती: एस. के. त्याच्यावर डॉ. चंद्रप्रकाश नाबर यांची भलीमोठी सही.

नाबर हृदयरोग विभागाचे प्रमुख. सांताक्रूझहून रोज येत आणि आले की आधी कॉफी मागवत. इरावतीबाईंनी फाईल पुढे सरकवली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्मा चढवला.

"परुळेकर. हो, आठवतात. अटॅकनंतर फाटलेला पडदा. आले तेव्हाच हाताबाहेर गेले होते."

"मग सारांशात अटॅक का नाही, सर?"

नाबरांनी पान वाचलं. परत वाचलं. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठ्या उमटल्या.

"नाहीये की," ते म्हणाले.

"तुमची सही आहे."

"८ तारखेला संध्याकाळी निघायची घाई होती. ९ ला पहाटे माझं विमान होतं, मुलीच्या पदवीदानाला परदेशी जायचं होतं. वीस तारखेला परत आलो. ८ च्या संध्याकाळीच निघताना गठ्ठा पुढे आला, सह्या केल्या." त्यांनी चष्मा काढला. "न वाचता केल्या. हे चारचौघांत बोलायला लावू नका मला, इरावतीबाई."

"क्वेरी स्लिपला उत्तर तुम्ही दिलंत?"

"मी इथं होतो कुठे? आणि मला विचारलं असतं तर मी 'जन्मजात' म्हटलं असतं का?"

हे बरोबर होतं. केबिनच्या दाराशी पोचलेल्या इरावतीबाईंना त्यांनी मागून हाक मारली.

"सारांश कीरनं लिहिलाय. चांगला पोरगा होता. १० तारखेला एकदम नोकरी सोडून गेला. अभ्यास करायचाय म्हणाला."

१० मार्च. परुळेकरांच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी.

४

सौरभ कीर बोरिवलीला, गोराई खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीत आईवडिलांबरोबर राहत होता. इरावतीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या. त्याच्या आईनं कौतुकानं आत घेतलं, "हॉस्पिटलातल्या मॅडम आल्यात रे," म्हणून हाक मारली आणि पोहे करायला आत गेली. सौरभ बाहेर आला, इरावतीबाईंना पाहिलं आणि उभाच राहिला.

"परुळेकर ना?" त्यानं विचारलं.

त्यांनी फक्त मान हलवली. त्यानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"रविवारी अपघाताच्या तीन केसेस एकदम आल्या होत्या," तो म्हणाला. "हे गृहस्थ बाकावर शांत बसले होते. कुरकुर नाही, काही नाही. मी पट्टी काढली. त्यात थोडा बदल होता. थोडा. मला वाटलं, जुना असेल. सिनियरना फोन करायला हवा होता. त्यांनीच मला विचारलं, डॉक्टर, पित्तच असेल ना? उद्या ड्यूटी आहे. मी म्हटलं हो." तो थांबला. "बुधवारी माझी ड्यूटी आयसीयूत होती. ते स्ट्रेचरवरून आले. मला ओळखलं त्यांनी. हसले."

"सारांशात अटॅक का लिहिला नाहीत?"

"लिहायला बसलो होतो. अटॅक लिहिला की कधी आला ते लिहावं लागतं. रविवार लिहावा लागतो. रविवार लिहिला की मी येतो." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "मी खोटं काही लिहिलं नाही, मॅडम. व्हीएसडी होताच. मी फक्त एक गोष्ट लिहिली नाही. महिनाभर स्वतःला हेच सांगत होतो."

"आणि तेवीस नंबरचा कागद?"

तो उठून आत गेला. औषधशास्त्राच्या एका जाड पुस्तकातून त्यानं घडी केलेला केसपेपर आणि ईसीजीची पट्टी आणली. पट्टीवरची शाई थोडी फिकी पडली होती, पण दशरथ परुळेकरांचं नाव, तारीख आणि वेळ स्वच्छ वाचता येत होती.

"फाडणार होतो. चार महिने झाले. जमलं नाही."

"हे सगळं लिहून द्याल? सहीनिशी?"

"देतो." तो लिहीत असताना इरावतीबाईंनी कोडाची आणि ऋतिकाच्या स्लिपची हकिगत सांगितली, तेव्हा त्याचं पेन थांबलं. "एक विचारू? ते जन्मजात कुणी केलं? मी ते कधीच लिहिलं नव्हतं. ऋतिकाची स्लिप माझ्यापर्यंत आलीच नाही, मी दहालाच निघालो. नाबर सर नव्हते. मग उत्तर दिलं कोणी?"

लिहून झालेला जबाब, केसपेपर आणि पट्टी पिशवीत घालून इरावतीबाई उठल्या. पोहे तसेच राहिले.

५

परत येताना त्यांनी एकेक नाव पुसत आणलं. नाबर परदेशात. सौरभ निघून गेलेला. ऋतिकाला स्वतःच खूण करायची असती तर तिनं विचारलंच नसतं. उरला कुंडलिक.

कुंडलिक रेकॉर्ड रूमचा शिपाई. बावीस वर्षं त्यांच्याबरोबर. डॉक्टरांच्या खणांमधल्या स्लिपा आणणं आणि त्यांवर शिक्का मारणं त्याचंच काम. इरावतीबाईंनी विचारलं तेव्हा तो रॅकवरच्या फायली उगाचच पुढेमागे करत होता.

"परुळेकरांच्या स्लिपवर शिक्का तुम्ही मारलात?"

"मीच मारतो ना, मॅडम."

"आणली कधी?"

"१७ ला. हॉस्पिटलच्या मानांकनाची तपासणी होती ना १९ ला. तुम्ही म्हणालात, वरची सगळी पेंडिंग घेऊन या."

"उत्तरासकट आणलीत?"

कुंडलिकनं फाईल अर्धवट आत ढकलली. "मला कुठे इंग्रजी येतं, मॅडम," एवढंच म्हणून तो पाणी प्यायला निघून गेला. बावीस वर्षांत त्यानं इरावतीबाईंची नजर अशी टाळली नव्हती. हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत होता.

त्यांनी १८ मार्चच्या शिक्क्याच्या सगळ्या स्लिपा काढायला लावल्या. चौसष्ट निघाल्या. टेबलावर त्या ओळीनं मांडल्या. चौसष्टांवर तीच निळी शाई, तशीच खूण, आणि एकीवरही सही नाही. म्हणजे चौसष्ट डॉक्टरी प्रश्नांना कुणीतरी एका बैठकीत उत्तरं दिली होती. उत्तरं अडाणी माणसाची नव्हती. गुडघा डावा की उजवा, दमा की धूम्रपानाचा खोकला, सगळं अंदाजानं पण समजून केलेलं. कुंडलिक त्यातून आपोआप सुटला.

बेचाळिसाव्या स्लिपपाशी त्या थांबल्या. अण्णा गद्रे, वय ८१. 'मूत्रपिंडाचा आजार मधुमेहामुळे की त्याआधीपासून?' खूण होती 'आधीपासून'च्या चौकोनात. त्यांनी अण्णांची फाईल काढून आडवी-उभी वाचली. आजार आधीपासून होता, हे त्या फाईलमध्ये एका शब्दानंही लिहिलेलं नव्हतं. मग हे त्या माणसाला कळलं कसं?

ते त्याला आधीपासून ठाऊक असणार. अण्णा गद्रे मुलुंड पूर्वेला तारांगण सोसायटीत राहत. मूत्रपिंडाचं दुखणं त्यांना तरुणपणापासून होतं, हे त्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावर अण्णा. आणि दुसऱ्या मजल्यावर, गेली सव्वीस वर्षं, इरावती दाबके.

मग त्यांना आठवलं. एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं. सोमवारची दुपार. दोन दिवसांवर तपासणी. पेंडिंगचा आकडा शून्य दाखवायचा होता. डॉक्टरांच्या मागे धावायला वेळ नव्हता. इतकी वर्षं वाचतोय, एवढं तर आपल्यालाही कळतं, असं म्हणून त्यांनी पेन उचललं होतं. व्हीएसडी, पुस्तकात जन्मजात, खूण, पुढची. वयाकडे बघितलंही नसेल. दुसऱ्या दिवशी कुंडलिककडून शिक्के मारून घेतले होते. तपासणी समितीच्या अध्यक्षांनी भरसभेत त्यांचं कौतुक केलं होतं, आणि तो पुष्पगुच्छ त्यांनी घरी नेऊन फोटो काढून बहिणीला पाठवला होता.

कुंडलिक दारात उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं," इरावतीबाई म्हणाल्या.

"त्या दुपारी चहा मीच आणून दिला होता, मॅडम." तो जमिनीकडे बघत बोलला. "तुम्ही पोरीला ओरडलात तेव्हा वाटलं, तुम्हाला आठवेल. आज विचारलंत तर मला कळेना, खरंच विचारताय की माझी परीक्षा घेताय."

६

वैद्यकीय संचालक डॉ. शर्मिष्ठा यांनी सगळं ऐकून घेतलं. सौरभचा सहीचा जबाब, पट्टी, रजिस्टरची प्रत. नाबरांनी दुरुस्त सारांश लिहून दिला होता: हार्ट अटॅक, त्यामुळे फाटलेला पडदा, पहिली लक्षणं रविवार २ मार्च.

"ठीक आहे," शर्मिष्ठा म्हणाल्या. "कीरची चौकशी लावू. कोड आजच बदला, विमा कंपनीला दुरुस्त कागद पाठवा. स्लिपचं मात्र या पत्रात नको. 'कारकुनी चूक' लिहा. निवृत्तीला तुमचे आठ महिने राहिलेत, इरावतीताई."

इरावतीबाईंना मोह झाला नाही असं नाही. कारकुनी चूक म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. पण विभागात कारकून म्हणजे ऋतिका, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं.

"माझं नाव लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्या त्रेसष्ट स्लिपा परत डॉक्टरांकडे पाठवायला लागतील. त्यात अजून किती परुळेकर आहेत, मला माहीत नाही."

कागद परत सरकवत शर्मिष्ठा म्हणाल्या, "लिहा."

खाली येऊन त्या विभागाच्या मधोमध उभ्या राहिल्या, जिथं दोन दिवसांपूर्वी ऋतिकाला उभं केलं होतं तिथंच. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काय झालं ते सांगितलं. मग ऋतिकाकडे वळल्या.

"तू बरोबर प्रश्न विचारला होतास. उत्तर मी दिलं, आणि मला तो अधिकार नव्हता. वर तुलाच बोलले. मला माफ कर."

ऋतिका अवघडून उभी राहिली. "असू दे ना, मॅडम," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला नाही. जरा वेळानं ती पुढे म्हणाली, "सही नव्हती, तर मीही ती स्लिप परत पाठवायला हवी होती. तपासणीच्या गडबडीत कुणाला विचारायला घाबरले."

कुणाला, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

७

परुळेकर भांडुपला, टेकडीच्या उतारावरच्या चाळीत राहत. गंधाली माहेरीच आलेली होती. इरावतीबाईंना खुर्ची दिली गेली. मायलेकी पलंगाच्या कडेवर बसल्या.

इरावतीबाईंनी दुरुस्त कागद दिला आणि सगळं सांगितलं. जन्मजात काही नव्हतं, हे आधी. मग रविवार. मग सौरभ. आणि शेवटी स्वतःची खूण. ती कशी झाली, का झाली, काहीही न वगळता.

वनमालाबाईंनी विचारलं, "रविवारी ओळखला असता तर वाचले असते?"

"कदाचित," इरावतीबाई म्हणाल्या. "नक्की कुणी सांगू शकणार नाही. पण संधी होती."

"त्या पोराक काय वाटता?"

"त्यानं पट्टी जपून ठेवली होती. स्वतःहून दिली. चौकशीला सामोरा जाणार आहे."

"आणि तुमका?"

या प्रश्नाला इरावतीबाईंनी घरून तयार केलेलं एक वाक्य होतं. ते त्यांना बोलवेना.

"तुमच्या नवऱ्याला लोक खोटारडा म्हणाले, ते माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मला तुमच्याकडे बघवत नाही."

वनमालाबाईंनी मान वळवली. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. 'होऊ दे, झालं ते झालं', असंही म्हणाल्या नाहीत. इरावतीबाईंनी मनात कुठेतरी त्याचीच वाट पाहिली होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

गंधालीनं कागद दोनदा वाचला. 'जन्मजात दोष नाही' या ओळीवर तिचा अंगठा थांबला होता. दुसरा हात पोटावर होता.

"मग बाळाला काही भीती नाही?"

"या कारणानं नाही. तुमच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा. तपासणी करायची की नाही ते तेच ठरवतील. हवं तर मी त्यांच्याशी बोलते."

"त्यांच्याशी नको." गंधालीनं मोबाईल घेतला. "माझ्या सासूबाईंशी बोला, रत्नप्रभाबाईंशी. मी फोटो पाठवला तर म्हणतील, ओळखीनं करून आणला कागद. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं."

इरावतीबाईंनी होकार द्यायच्या आत तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिलाही होता. तिच्या सासरी, घाटकोपरला घंटी वाजत होती. वनमालाबाईंनी मान परत इकडे वळवली.

"हॅलो," पलीकडून बाईंचा आवाज आला. "बोल गंधाली."

"मी गंधाली नाही," इरावतीबाई म्हणाल्या. "रत्नप्रभाबाई ना? माझं नाव इरावती दाबके. दशरथ परुळेकर ज्या हॉस्पिटलात गेले, तिथल्या रेकॉर्ड विभागाची मी प्रमुख आहे. त्यांना जन्मापासून कुठलाही आजार नव्हता. त्यांना हार्ट अटॅक आला होता. कागदावर जन्मजात लागलं, ती चूक माझ्या हातची आहे. त्यांनी कुणापासून काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतंच."

पलीकडे मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली.

"थांबा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. आवाजातला करकरीतपणा थोडा कमी झाला होता, फार नाही. "आमच्या ह्यांना बोलावते. स्पीकरवर टाकते. पहिल्यापासून सांगा परत, कुणाची चूक ते नीट."

इरावतीबाईंनी गंधालीकडे पाहिलं. तिनं फोन परत घ्यायला हात पुढे केला नव्हता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एका पुरुषाचं खाकरणं.

"हां, बोला," तो आवाज म्हणाला.

"माझं नाव इरावती दाबके," त्यांनी पुन्हा सुरुवात केली.